पहिल्या वर्षाचे गुण आणि आपण

नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचे सावनेर हे तालुक्याचे गाव. सभोवती संत्र्याच्या बागा, कापसाची शेते आणि कोळशाच्या खाणी. सकाळच्या एसटीने आसपासच्या खेड्यांतून मुले-मुली येथे कॉलेजात येतात. त्यांतल्या पुष्कळांच्या घरात बारावीपलीकडे गेलेले हे पहिलेच माणूस असते. बाप खाणीत, वीटभट्टीवर किंवा दुसऱ्याच्या बागेत, आई निंदणाला. अशा घरातला मुलगा जूनमध्ये प्रवेश घेतो आणि पहिल्या सत्राचा निकाल लागला की पुष्कळदा वर्गात दिसेनासा होतो. तो कुठे गेला, असे कोणी विचारत नाही. 'झेपले नाही' एवढ्यात त्याचा निकाल लावला जातो. खरोखर काय झेपले नाही, हे तपासणे आपले काम आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. चळवळीतले काही मित्र म्हणतात, गुण ही प्रस्थापितांची मोजपट्टी. तिच्या मागे आपण का धावावे? ह्या म्हणण्यात तथ्य आहे. 'गुणवत्ता' हा शब्द आपल्याविरुद्ध किती वेळा वापरला गेला, हे आपल्याला सांगायला नको. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. परळच्या एका खोलीत, रात्री दोन वाजता वडिलांनी उठवल्यावर, काच नसलेल्या दिव्याच्या उजेडात ते अभ्यास करीत. संस्कृत शिकण्याची इच्छा असून त्यांना फारसी घ्यावी लागली. २८२ ह्या आकड्यात ही खोली दिसत नाही, तो दिवा दिसत नाही. आणि पुढे कोलंबियात अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र ह्या विषयांचा डोंगर उपसणारा विद्यार्थी तर मुळीच दिसत नाही.

पण त्याच आकड्याने त्यांना १९०८ साली एल्फिन्स्टन कॉलेजचे दार उघडले, हेही विसरता येणार नाही. मागाहून सयाजीरावांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, प्रा. मुल्लर यांनी पुस्तके आणि कपडे दिले, आणि शिक्षण पुढे चालू राहिले. तेव्हा मोजपट्टी सदोष आहे हे ओळखायचे, आणि ती हातात घेऊन पुढची वाटही मोकळी करायची, ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात.

आज पहिल्या वर्षाच्या गुणांवर काय अवलंबून असते? अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. तिचे नूतनीकरण अभ्यासातील प्रगतीवर आणि हजेरीवर ठरते. शासकीय वसतिगृहातला प्रवेश गुणानुक्रमे होतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. तिलाही मागील परीक्षेतल्या गुणांची अट आहे. म्हणजे आपल्या मुलाच्या बाबतीत गुण हे खोलीभाडे असते, मेसचे पैसे असतात. सुखवस्तू घरातल्या मुलाचे पहिले सत्र बिघडले तर घरची माणसे हळहळतात. आपल्या मुलाचे बिघडले तर त्याला वीटभट्टी दिसू लागते.

आता ही मोजणी होते कशी, ते पाहू. नवीन पद्धतीत प्रत्येक विषयाला श्रेयांक म्हणजे क्रेडिट असतात. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले साधारण पंधरा तास. मिळालेल्या गुणांना श्रेणी मिळते आणि श्रेणीला गुणांक : सर्वोच्च 'ओ' श्रेणीला १०, नुसत्या उत्तीर्णाला ४, अनुत्तीर्णाला शून्य. गुणांकाला क्रेडिटने गुणायचे, साऱ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचे.

उदाहरण घेऊ. समजा, एका सत्रात चार क्रेडिटचे तीन मुख्य विषय आणि दोन क्रेडिटचे पाच लहान विषय आहेत. एकूण २२ क्रेडिट. एका मुलीने लहान विषयांत प्रत्येकी ९ आणि मुख्य विषयांत प्रत्येकी ५ गुणांक मिळवले. बेरीज १५०, सरासरी ६.८२. दुसरीने लहान विषयांत ६ आणि मुख्य विषयांत ८ मिळवले. बेरीज १५६, सरासरी ७.०९. पहिलीच्या गुणपत्रिकेत ९ हा आकडा पाच वेळा आहे, दुसरीच्या गुणपत्रिकेत एकदाही नाही; तरी दुसरी पुढे. हे गणित शिकल्या घरातल्या मुलाला मोठा भाऊ प्रवेशाच्या दिवशीच सांगतो. आपल्या मुलाला ते निकालानंतर कळते.

दुसरी गोष्ट अंतर्गत गुणांची. स्वाध्याय, चाचणी, चर्चासत्र, हजेरी ह्यांचे गुण वर्षभर जमत असतात. आपली मुले इथे मागे पडतात, कारण ती बोलत नाहीत. मी स्वतः पहिल्या वर्षाला असताना सबंध सत्रात एकही प्रश्न विचारला नव्हता. एकदा तोंड उघडले तेव्हा 'आमाले समजलं नाही' असे निघाले आणि वर्ग हसला, सरही हसले. त्यानंतर मी मागच्या बाकावर बसू लागलो आणि स्वाध्याय द्यायलाही पुढे गेलो नाही. ते गुण माझ्या बुद्धीचे गेले नाहीत; माझ्या बोलीचे गेले. बोलीची लाज बाळगण्याचे कारण नाही, हे मला फार उशिरा कळले. उत्तरपत्रिकेची भाषा ही शिकून घ्यायची एक वेगळी भाषा आहे. तिचा सराव लागतो, आणि तो लिहूनच होतो.

तेव्हा विद्यार्थ्यांनी काय करावे? पहिल्याच आठवड्यात अभ्यासक्रम आणि मागील प्रश्नपत्रिका मिळवाव्यात. गाईड पाठ करण्यापेक्षा ग्रंथालयातले मूळ पुस्तक वाचून, आठवड्याला दोन उत्तरे घड्याळ लावून लिहावीत. चौघापाचांनी एकत्र बसावे. एकाने शिकवावे, इतरांनी अडवावे. न कळलेले त्याच दिवशी विचारावे, मग भाषा कोणतीही असो. गुण अन्यायाने गेले असे वाटले तर रडत बसू नये. उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन मागता येते, मात्र मुदतीत अर्ज करावा लागतो.

शिक्षकमित्रांना एवढेच सांगणे की, अंतर्गत गुण कशाचे आणि किती, हे सत्राच्या आरंभी फळ्यावर लिहून द्यावे. मागच्या बाकावरच्या मुलाचे मौन म्हणजे त्याचे अज्ञान, असे धरून चालू नये.

आणि कार्यकर्त्यांना. जयंतीच्या वर्गणीसाठी आणि मोर्चासाठी आपण ह्याच मुलांना हाक मारतो, ती परीक्षेच्या तोंडावरही मारतो. त्याबद्दल आपण स्वतःला जाब विचारला पाहिजे. वस्तीतला विहार संध्याकाळी सात ते दहा उघडा ठेवावा, तिथे दिवे आणि सतरंज्या असाव्यात, आणि पदवी घेतलेल्या एकाने तरी रोज तिथे बसावे. ह्याला अनुदान लागत नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले, ते निव्वळ पदवीधर तयार करण्यासाठी काढले नव्हते. पण पहिल्या वर्षातच गळालेला मुलगा पदवीपर्यंत पोचत नाही आणि पुष्कळदा चळवळीपर्यंतही पोचत नाही.

पुढच्या निकालाच्या दिवशी सावनेरच्या स्टँडवर उभे राहून, कोण परत आले नाही त्यांची नावे आपण लिहून घेतली पाहिजेत. आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेले पाहिजे.