रंगाऱ्याच्या हाताखालची पोरं

हेग शहरात क्रामर्स यांची घरसजावटीची पेढी होती. वडील घर सोडून गेलेले, आईच्या हाती कच्चीबच्ची. अशा घरातला ब्राम व्हॅन व्हेल्डे बाराव्या वर्षी त्या पेढीत उमेदवारीला लागला. त्याचा जन्म 1895चा. तीन वर्षांनी धाकटा गेरही मागोमाग तिथेच आला. मालकाने ब्रामचा हात ओळखला आणि 1922 मध्ये त्याला जर्मनीतल्या वॉर्प्सवेडे या चित्रकारांच्या गावी धाडलं. पुढे दोघेही भाऊ पॅरिसला पोचले. त्यांच्या अमूर्त चित्रांपुढे उभं राहताना मला ही पेढी विसरता येत नाही. रंग आधी हाताला कळला, मग डोळ्याला.

ब्रामच्या वाट्याला फार सोसणं आलं. मायोर्का बेटावर 1936 मध्ये बायको वारली, त्याच वर्षी स्पेनमध्ये यादवी पेटली आणि तो पॅरिसला परतला. 1938 मध्ये कागदपत्रं नाहीत म्हणून बायोनच्या तुरुंगात काही आठवडे काढले. महायुद्धात तर काही वर्षं त्याने कुंचलाच ठेवून दिला.

त्याच्या चित्रात त्रिकोण आणि डोळ्यांसारखे आकार एकमेकांना रेटत असतात, पातळ रंग ओघळत खाली येतो, नजरेला टेकायला जागा मिळत नाही. गेरकडे मात्र चित्रशाळेची खिडकी, टेबल, त्यावरचा उजेड यांचंच हळूहळू रेषांचं जाळं होतं. राखाडी आणि निळा इतके शांत, की घाईत पाहणाऱ्याला तिथे काहीच दिसणार नाही.

दोघांचा मित्र लेखक सॅम्युएल बेकेट. 1938 मध्ये पेगी गुगेनहाइमच्या लंडनमधल्या गॅलरीत गेरचं प्रदर्शन झालं ते त्याच्या आग्रहामुळे. 1945 मध्ये त्याने दोघा भावांवर लेख लिहिला. शीर्षक विजारीच्या एका विनोदावरून: देवाने सहा दिवसांत जग केलं, तुला विजारीला सहा महिने लागतात, असं गिऱ्हाईक कुरकुरतं, शिंपी म्हणतो, जगाकडे बघा आणि मग माझ्या विजारीकडे बघा. पण 1949च्या चित्रकलेवरच्या संवादांत बेकेटने ब्रामला अपयश पत्करणारा चित्रकार ठरवलं, आणि ती ओळख त्याला कायमची चिकटली. धाकट्यावर त्यामुळे अन्याय झाला असं मला ठामपणे वाटतं. गेरची शांतता ब्रामच्या तडफडीइतकीच कष्टाने कमावलेली आहे.

1948 मध्ये न्यूयॉर्कच्या कूट्झ गॅलरीत दोघांची चित्रं लागली. ग्राहक फिरकले नाहीत. बर्नच्या कुन्स्टहालेने ब्रामचं मोठं प्रदर्शन भरवलं ते 1958 मध्ये, त्याची साठी उलटल्यावर. तरी त्याने वेग वाढवला नाही. आतून काही आल्याशिवाय तो चित्राला हात लावत नसे. दोन चित्रांमध्ये महिनेच्या महिने जात.

धाकटी बहीण याकोबा लेखिका. तिची 1953ची कादंबरी वृद्धाश्रमातल्या एका म्हातारीची आहे, आणि बेकेटचं लेखन डचमध्ये आणलं तेही तिनेच. 1977 मध्ये पॅरिसलगतच्या काशाँ गावी गेर वारला. ब्राम त्यानंतर चार वर्षं जगला. 1981च्या डिसेंबरात ग्रिमो इथे तो गेला, तेव्हा शहाऐंशी वर्षांचा होता.