लिव्हर खराब, त्यात जठराचा कॅन्सर : ऑपरेशन होते का?

“लिव्हर गेलंय, आता ऑपरेशन कशाला?” परभणीच्या वस्त्यांत आम्ही हे ऐकतो तेव्हा आधी रिपोर्ट मागतो.

सिरॉसिस म्हणजे लिव्हर कडक, गाठीगाठींचे होणे. दारूने होतो, तसाच काविळीच्या ‘बी’ आणि ‘सी’ विषाणूंनीही. तेव्हा रुग्णाला लगेच दारुड्या ठरवू नका. अशा माणसाला जठराचा कॅन्सर निघाला, तर डॉक्टर आधी लिव्हरची ताकद जोखतात. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याची वेळ, पोटातले पाणी आणि रुग्णाची शुद्ध, यांवरून ‘चाइल्ड-प्यू’ची ए, बी किंवा सी श्रेणी ठरते. ‘ए’ला ऑपरेशन बहुधा झेपते. ‘सी’मध्ये रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लिव्हर बंद पडणे, हे धोके इतके मोठे की डॉक्टर सहसा चाकू लावत नाहीत. ‘बी’वाल्यांचे पाणी औषधांनी उतरवून, खाणे सुधारून पुन्हा विचार होऊ शकतो. गाठ अगदी वरवरची असेल, तर काहींची दुर्बिणीतूनच निघते.

म्हणून नकार मिळाला, तर “श्रेणी कोणती?” हे विचाराच. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड, आधार आणि जुने सगळे रिपोर्ट सोबत न्या.

अंगदुखीला दुकानातून डायक्लोफिनॅक आणून देऊ नका. आणि शौच डांबरासारखी काळी झाली, तर सकाळ व्हायची वाट न पाहता दवाखाना गाठा.