मेंदूंतील गांठ काय खाते?



अंबरनाथच्या पूर्वेस पालेगांव आहे. तेथील नव्या इमारतींतून रोज सकाळीं माणसें मुंबईची लोकल गांठावयास निघतात. त्यांतच एखादें कुटुंब तपासणीच्या चित्रांची मोठी पिशवी संभाळीत परळच्या टाटा रुग्णालयाकडे चाललेलें असतें. मेंदूंत गांठ निघाली असें कळलें, कीं अशा घरांत पहिला हुकूम सुटतो तो स्वयंपाकघराला: "उद्यांपासून साखर बंद! गांठ साखरेवर पोसते." हुकूम सोडणाऱ्याच्या मनांत मायाच असते. पण तो हुकूम कितपत योग्य, याचा आज आपण विचार करूं.

ही समजूत अगदींच निराधार नाहीं. १९२० नंतरच्या दशकांत बर्लिन येथें ऑटो वारबुर्ग या शास्त्रज्ञास असें आढळलें, कीं कर्करोगाच्या पेशी द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, भराभर ओढून घेतात आणि प्राणवायु हाताशीं असतांनाहि तिचें बरेंचसें दुग्धाम्ल करून टाकतात. याच गुणाचा उपयोग करून आज पेट नांवाची तपासणी होते. साखरेसारख्या द्रव्याला किरणोत्सर्गी फ्लोरीन जोडून तें शिरेंतून देतात व तें कोठें सांचतें हें यंत्रानें पाहतात. हा फ्लोरीन सुमारें ११० मिनिटांत निम्मा होतो. तेव्हां तो रुग्णालयाच्या जवळपासच तयार करावा लागतो. त्यासाठीं भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परळ येथील विभागांत २००२ सालीं भारतांतील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला.

परंतु मेंदूच्या बाबतींत हें चित्र फसवें ठरूं शकतें. मेंदूचें वजन शरीराच्या अवघें २ टक्के; पण विश्रांतीच्या वेळीं शरीराला लागणाऱ्या शक्तीपैकीं सुमारें पांचवा हिस्सा तो एकटा खर्च करतो. निरोगी मेंदूच इतका उजळून निघतो, कीं गांठ वेगळी ओळखणें पुष्कळदां कठीण जातें. शिवाय घरांत साखर गेली एवढेंच त्या चित्रावरून कळतें. आंत तिचा लाडू झाला कीं पाक, हें कळत नाहीं.

तें कळावें म्हणून संशोधक शस्त्रक्रियागृहांत गेले. कर्बाच्या दर शंभर अणूंत सुमारें एक अणु किंचित् जड असतो. तो किरणोत्सर्गी नसतो. त्यापासून अपाय नाहीं. अशा जड कर्बाची द्राक्षशर्करा तयार करून, रुग्णाची संमति घेऊन, शस्त्रक्रियेच्या वेळीं ती शिरेंतून सावकाश देतात. शल्यवैद्यानें गांठ काढली, कीं तिचा तुकडा तत्क्षणीं गोठवितात. कारण थोडा उशीर झाला तरी पेशींतील द्रव्यें बदलूं लागतात. मग तो जड कर्ब कोणकोणत्या द्रव्यांत जाऊन बसला, हें यंत्रानें मोजतात. खूण केलेली नाणीं बाजारांत सोडावीं आणि संध्याकाळीं तीं कोणाच्या गल्ल्यांत सांपडतात हें पाहावें, तसा हा प्रकार आहे.

अमेरिकेंतील डल्लस येथें झालेल्या अशा अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ सालीं प्रसिद्ध झाले. गांठींत दुग्धाम्ल तर सांपडलेंच. पण गांठ साखर नीट जाळतेहि, असें दिसून आलें. त्याहून नवल हें, कीं पेशीच्या भट्टींत पडणाऱ्या मुख्य इंधनाचा निम्म्याहून कमी भाग रक्तांतील साखरेपासून आलेला होता. मग उरलेला कशापासून? २०१४ सालीं एक उत्तर मिळालें: सिरक्यांत जें आम्ल असतें त्याच्याच रूपाचें अॅसिटेटहि या गांठी जाळतात. २०२५ सालीं मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनीं आणखी एक गोष्ट दाखविली. निरोगी मेंदू साखरेपासून शक्ति मिळवितो व मज्जापेशींचे निरोप पोंचविणारीं द्रव्यें बनवितो. गांठ हीं कामें कमी करते, साखरेचा कर्ब नव्या पेशींच्या बांधकामाकडे वळविते आणि अमिनो आम्लें आजूबाजूनें उचलते. उंदरांच्या आहारांतील अमिनो आम्लांत फेरफार केला तेव्हां गांठीची वाढ मंदावली व नेहमींचे उपचार अधिक लागू पडले. मात्र हे उंदीर होते, हें विसरूं नये.

आतां पुन्हा स्वयंपाकघराकडे येऊं. डब्यांतील साखर बंद केली, तरी भात आणि भाकरी यांचीहि अखेर द्राक्षशर्कराच होते. अन्नच तोडलें तर यकृत ती स्वतः तयार करून रक्तांत सोडतें. म्हणजे गांठ उपाशी राहत नाहीं. रुग्ण मात्र अशक्त होतो, आणि तोहि शस्त्रक्रिया व किरणोपचार सोसावयाचे असतात अशा वेळीं. रुग्णास मधुमेह असेल, किंवा मेंदूची सूज उतरविण्यासाठीं दिलेल्या स्टिरॉइड औषधानें रक्तांतील साखर वाढली असेल, तर डॉक्टर पथ्य सांगतील. तें अवश्य पाळावें. आपल्या तर्कानें मात्र ताट अर्धें करूं नये.

शेवटीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. हें ज्ञान ज्यांच्या गांठींतून मिळालें, त्या रुग्णांना त्याचा स्वतःला फारसा लाभ होणार नव्हता. जीवावरच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या घटकेला, पुढें येणाऱ्या अनोळखी रुग्णांसाठीं, त्यांनीं होकार दिला. त्या होकाराचें मोल आपण जाणलें, तर घरांतील आजारी माणसाच्या पानांतला घांस आपण केवळ भयापोटीं काढून घेणार नाहीं.