मेस्त्रेंची शाळा आणि मुंबईचा स्टुडिओ

हिंदी चित्रपटसंगीताच्या वैभवाच्या काळावर मराठीत भरभरून लिहिले गेले आहे. त्या संगीताचे एक मूळ गोव्यातल्या चर्चच्या शाळेत आहे, याची दखल मात्र फारशी कोणी घेतली नाही. गोमंतकीयांच्या रक्तातच संगीत असते, म्हणून ते मुंबईच्या स्टुडिओंत पोहोचले, असे सर्रास म्हटले जाते. मला हे मान्य नाही. गाण्याचे वेड कोकणात, खानदेशात, विदर्भातही होतेच. गोव्याकडे अधिक होता तो गावोगावचा संगीतशिक्षक, म्हणजे चर्चचा मेस्त्रे.

पोर्तुगीज अमलात चर्चला जोडून पॅरिश शाळा चालत. तिथे मेस्त्रे मुलांना अक्षरओळख आणि धर्मशिक्षण देई, आणि त्याबरोबरच हाताने ताल धरत दो-रे-मी या नावांनी स्वरलिपी वाचायला शिकवी. ते पक्के झाले की मुलाच्या हाती व्हायोलिन येई. रविवारची मिसा, गावचे फेस्त, लादाईन (सामूहिक प्रार्थना), अंत्यविधी या साऱ्यांचे संगीत मेस्त्रेच्याच अंगावर असे. लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्व उपवासकाळाच्या दिवसांत लॅटिन मोतेत गायले जात. अनेक आवाजांच्या या रचनांना व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि डबल बासची साथ असे, आणि कित्येक मोतेत मेस्त्रेंनी स्वतःच रचलेले होते. सणाची तारीख पुढे ढकलता येत नसे. तोवर पोरे तयार व्हायलाच हवीत. त्यामुळे कानाने ऐकून घोटून घेण्याऐवजी कागदावरून वाचण्यावर भर आला. आपली ओळ शेजाऱ्याहून वेगळी असूनही दोन्ही एकत्र जुळतात, ही जाण मुलाला लहानपणीच येई.

स्टुडिओला नेमके हेच हवे होते. संगीतकार चाल गुणगुणून दाखवी, संयोजक तिच्याभोवती प्रत्येक वाद्याची ओळ लिहून काढी, आणि वादकांनी थोडक्या तालमीत ती कागदावरून वाजवायची. शंकर-जयकिशन यांचे संयोजन गोमंतकीय सेबॅस्टियन डिसोझा करत. आपल्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ (1951) मागे गोव्यातल्या हळदोण्याच्या चिक चॉकलेट यांचा हात होता. सर्वात बोलके उदाहरण अँथनी गोन्साल्विस यांचे. 1927 साली माजोर्डा इथे जन्मलेल्या अँथनींचे वडीलच तिथल्या चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख होते. मुंबईत व्हायोलिनवादक आणि संयोजक म्हणून नाव मिळवल्यावर अँथनींनी शिकवणेही सुरू केले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडेच व्हायोलिन शिकले. 1958 मध्ये अँथनींनी मोठा वाद्यवृंद उभारला आणि भारतीय रागांवर बेतलेल्या, पाश्चात्त्य धाटणीने बांधलेल्या रचना त्याच्याकडून वाजवून घेतल्या. ‘अमर अकबर अँथनी’ (1977) मधल्या गाण्यात शिष्याने गुरूचे नाव घातले, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्या गुरूमागची चर्चची परंपरा कोणी सांगत नाही.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. ज्या सत्तेने मेस्त्रे नेमला, तिनेच इथले सूर दडपले. इन्क्विझिशनच्या 1736 च्या आज्ञेने लग्नातल्या ओव्या गाण्यावर बंदी आणली, ही जखम नाकारता येत नाही. पण शिक्षण कोणत्या हेतूने दिले गेले आणि शिकणाऱ्याने त्याचे काय केले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. याच मातीत मांडो हा कोकणी गीतप्रकार फुलला, आणि अँथनींनी त्याच विद्येने रागांची बांधणी केली. दुसरा आक्षेप असा की, स्वरलेखन आपल्याकडेही होते. भातखंड्यांनी शेकडो बंदिशी लिहून ठेवल्या. खरे आहे, आणि त्या कामाचे मोल फार मोठे आहे. मात्र ती पद्धत एका गळ्यातून येणारी चाल टिपण्यासाठी घडली. तीस-चाळीस वादकांनी एकाच क्षणी वेगवेगळे काय वाजवायचे, हा प्रश्न तिच्यापुढे नव्हता. मेस्त्रेंच्या शाळांची दारे मुख्यतः मुलग्यांनाच खुली होती, हा दोषही मान्य करायला हवा. मेस्त्रे गावाला किती देऊ शकला असता, हे त्यामुळे अर्धेच कळते.

1961 मध्ये पोर्तुगीज अंमल संपल्यानंतर गोव्यात सरकारी शाळा पसरल्या आणि पॅरिश शाळांचे महत्त्व ओसरले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962 ते 1965) उपासनेत लॅटिनच्या जागी कोकणी आली. भाविकांना प्रार्थना स्वतःच्या भाषेत मिळाली हे उचितच झाले, पण लॅटिन मोतेतांचे गाणे त्यामुळे कमी झाले. चित्रपटसंगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तबकड्यांइतकाच मोतेतांच्या हस्तलिखित वह्यांचाही माग काढायला हवा. संयोजकांची नावे तबकड्यांवर क्वचितच छापली जात. त्यांना घडवणाऱ्या मेस्त्रेंची नावे अशा वह्यांतच सापडू शकतात.