अंगणातला ट्रक

भोपाळहून नर्मदापुरमच्या रस्त्याने दक्षिणेस निघाले म्हणजे वीस-पंचवीस किलोमीटरांवर मंडीदीप लागते. जिल्हा रायसेन, परंतु गावाचा सारा ओढा भोपाळकडे. येथे ट्रॅक्टर बनतात, पोलादाच्या भट्ट्यांना लागणारे ग्रॅफाइटचे विद्युद्दंड बनतात, औषधे बनतात. पाळ्यांच्या वेळांवर दिवस मोजणाऱ्या या वस्तीत आमच्या धाकट्या बहिणीचे बिऱ्हाड गेली कित्येक वर्षे आहे. गेल्या उन्हाळ्यात तिचा निरोप आला, "दादा, एकदा येऊन जा. पोराने अंगणात जुनी जीप आणून टाकली आहे आणि ती कापायला निघाला आहे. तूच समजाव त्याला."

आम्ही गेलो. अंगणात निंबाच्या सावलीत विटांच्या चवडीवर ते धूड उभे होते. चाके काढलेली, बॉनेट बाजूला, पत्र्यावर गंजाचे नकाशे. भाचा तेथल्याच एका कारखान्यात देखरेखीच्या कामावर आहे. सुट्टीच्या दिवशी हात स्वस्थ बसत नाहीत. बेत त्याने आम्हांला उत्साहाने सांगितला. जीपचा मागचा भाग कापून तेथे लोखंडी हौदा बसवायचा, गाडी उंच करायची, मोठी चाके घालायची, चालकाच्या डोक्यावर नळ्यांचा पिंजरा उभारायचा. म्हणजे डोंगर, नाला, चिखल यांना न जुमानणारा छोटा ट्रक तयार. ओबेदुल्लागंजच्या पलीकडे त्यांची थोडी शेती आहे. काळी माती, मृगाच्या दोन सरी पडल्या की बांधापर्यंत पंप नेणेही कठीण. "मामा," तो म्हणाला, "बाजारात जी गाडी मिळते, ती आपल्या चिखलासाठी बनलेलीच नसते."

समजवायला गेलेले आम्ही या वाक्यापाशी थोडे अडखळलो. कारण त्यात तथ्य होते.

देवराष्ट्र्याची जीप

घरी गाडी घडविण्याचे वेड आपल्या लोकांत नवे नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. त्याच गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भाग जमवून एक चिमुकली जीप तयार केली. मुलाची गाडीची हौस, आणि विकत घेण्याची ऐपत नाही, एवढेच कारण. सुमारे साठ हजार रुपये खर्च आला. गाडी स्कूटरसारखी किक मारून सुरू होत असे. डिसेंबर २०२१ मध्ये तिचे चित्रण देशभर पाहिले गेले आणि उद्योगपती आनंद महिंद्र यांनी लोहारांच्या कल्पकतेचे जाहीर कौतुक केले. ही गाडी नियमांत बसत नसल्यामुळे अधिकारी आज ना उद्या ती थांबवतील, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. घरची जीप महिंद्र कंपनीच्या संग्रहासाठी गेली.

ही हकीगत सांगताच भाच्याचे डोळे चमकले. आम्ही म्हणालो, "बोलेरोकडे पाहू नकोस. ज्या गाडीचा एवढा गौरव झाला, तिला रस्ता मात्र मिळाला नाही, याकडे पाहा."

कायदा येथे स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी नोंदणीपुस्तकातला तपशील जुळेनासा होईल, असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. गॅसवर इंजिन चालविण्याची मान्यताप्राप्त जोडणी यांसारखे काही ठरावीक बदल रीतसर मंजुरीने होतात. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ पक्का केला. सर्वस्वी नवी गाडी रस्त्यावर आणावयाची, तर तिचा नमुना पुण्याची ए.आर.ए.आय., अहिल्यानगरची व्ही.आर.डी.ई. अशा अधिकृत संस्थांच्या कसोटीस उतरावा लागतो. अंगणातल्या कारागिराला हे सोसणारे नाही, हे खरे. पण ब्रेक न लागलेली गाडी ज्याच्या अंगावर येते, तोही कोणाच्या तरी अंगणातलाच असतो.

जीपलाही परीक्षा चुकली नाही

ज्या जीपवर भाच्याचे एवढे प्रेम, तिचा जन्मही घाईतच झाला. १९४० साली अमेरिकन सैन्याला हलके, चारही चाकांनी ओढणारे वाहन हवे होते, आणि पहिला नमुना देण्यास मुदत होती अवघी एकोणपन्नास दिवसांची. पेनसिल्व्हेनियातील बँटम या लहानशा कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याच्या मदतीने ती पाळली. २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी लष्कराच्या हाती पडली. त्यानंतरचा भाग लोक विसरतात. लष्कराने ती गाडी हजारो मैल कच्च्या वाटांवर पिटाळली, तिची हाडे मोडेपर्यंत चालविली, मोडलेल्या जागा लिहून काढल्या. त्या नोंदींतून पुढची जीप सुधारली. वाहन चांगले घडते ते अशा मोडतोडीच्या हिशेबातून.

मग आम्ही दोघे खाटेवर बसून त्याच्या बेताचा हिशेब मांडू लागलो. चिखलात गाडी फसते ती ताकद कमी पडते म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे. पुष्कळदा दोष डिफरन्शियलचा असतो. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही रचना. पण एक चाक चिखलात मोकळे फिरू लागले की ते गरगरत राहते आणि कोरड्या जमिनीवरचे चाक ढिम्म उभे. म्हणून अशा गाड्यांत ही दोन चाके एकत्र जखडणारी कळ बसवितात. शिवाय इंजिन वेगात फिरत असता चाक सावकाश पण जोराने फिरावे, यासाठी वेगळी गिअरपेटी असते. नुसती उंच आणि दांडगी चाके घालून यातले काहीच साधत नाही.

उलट नवी दुखणी ओढवतात. चाक मोठे झाले की तेच गिअर जड पडतात, तेच ब्रेक अपुरे होतात, ॲक्सलवर न सोसणारा ताण येतो आणि वेगदर्शक काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवितो. गाडी उंच केली की गुरुत्वमध्य वर सरकतो. ज्या उतारावर ती पूर्वी निर्धास्त आडवी जाई, तेथेच कलंडते. इंजिनाची शक्ती मागे नेणाऱ्या दांड्याचा कोन वाढतो आणि त्याचे सांधे लवकर झिजतात. एक गोष्ट बदलली की चार गोष्टी मागोमाग बदलाव्या लागतात. संसाराप्रमाणे गाडीतही एकट्याचे असे काही नसते!

"म्हणजे करूच नको म्हणता?" भाच्याने विचारले.

"कर. पण आधी सांध्याची परीक्षा दे."

पीथमपूरचे मैदान

ही परीक्षा आमच्या डोक्यातून निघालेली नव्हे. इंदूरजवळच्या पीथमपूरला २००७ पासून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी 'बाजा' नावाची स्पर्धा सुरू झाली. नाव ऐकताच बहिणीने विचारले, "बाजा? लग्नातला?" नव्हे, मेक्सिकोमधील बाहा कॅलिफोर्निया हा जो ओसाड प्रदेश, त्यावरून हे नाव. मूळ स्पर्धा अमेरिकेत १९७६ साली सुरू झाली. विद्यार्थ्यांनी एका माणसाची, वाट नसलेल्या जागी चालणारी गाडी स्वतः आखावयाची, स्वतः जोडावयाची आणि मैदानात उतरवावयाची. पेट्रोलच्या गाड्यांना इंजिन सर्वांना सारखेच, सुमारे दहा अश्वशक्तीचे. पुण्यातील आणि महाराष्ट्रातील अन्य महाविद्यालयांची मुलेही महिनोन्‌महिने राबून आपापली गाडी तेथे आणतात.

आम्हांला विशेष वाटते ते तेथील तपासणीचे. चालकाभोवतीच्या पिंजऱ्याची मुख्य नळी पोलादाची, बाहेरून पंचवीस मिलिमीटर व्यासाची व तीन मिलिमीटर जाडीची, अथवा गणिताने तितकीच बळकट ठरणारी हवी. चालकाला पट्टे सोडून पाच सेकंदांत बाहेर पडता आले पाहिजे. इंजिन बंद करण्याच्या कळी दोन. एक आतल्याच्या हाताशी, दुसरी बाहेरच्यांच्या. पिंजरा ज्याने जोडला, त्यानेच त्याच नळीचे जोड करून नमुने दाखवावयाचे. एक ताणून मोडावयाचा, दुसरा चिरून आत धातू कितपत मुरला ते पाहावयाचे. हे सारे पार पडले तर मैदान. आणि तेथे चार तासांची दौड, ज्यात अनेक गाड्यांची हाडे निखळतात. मुले रडवेली होतात, पुन्हा जोडतात, पुन्हा धावतात.

मोडलेला तुकडा

दुसऱ्या दिवशी भाच्याने दोन नळ्या घेतल्या, कडा घासल्या, जोड केला. दिसावयास सुरेख, माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी ओळ. तो शेगड्यात पकडला आणि घण घातला. तिसऱ्या घावाला तुकडा पडला. आत पाहतो तो मूळ नळीची कडा कापल्यासारखी कोरी! वितळलेला धातू वरवर बसला होता, आत शिरलाच नव्हता. हाच जोड पिंजऱ्यात असता, तर गाडी उलटल्याच्या दिवशी कळले असते.

पोरगा बराच वेळ तो तुकडा हातात घेऊन बसला. आईने चहा आणून ठेवला, तो निवून गेला.

मग त्याच्या कारखान्यातील एका जुन्या वेल्डर मिस्त्रींना त्याने विनंती केली. त्यांनी सुट्टीच्या दिवशी येऊन जे शिकविले ते आम्हीही ऐकले, आणि ज्यांच्या घरी अशी हौस आहे त्यांच्यासाठी येथे नोंदवितो. जाड लोखंडाच्या कडा उतरत्या घासून घ्याव्यात, म्हणजे धातू मुळापर्यंत जातो. एका टोकाकडून सरळ जोडीत गेल्यास चौकट आकसून वाकते. म्हणून आधी समोरासमोर छोटे टाके घालावेत, दोन्ही कर्ण मोजावेत, मगच जोड पुरा करावा. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोके पाडू नयेत वा जोड करू नये, कारण वाकण्याचा ताण तेथेच सर्वाधिक असतो. कमानीचे पाटे कधी जोडू नयेत; आचेने त्यांचे पाणी उतरते आणि ते काचेसारखे मोडतात. सुकाणूचे दांडे कापून जोडणे म्हणजे आत्मघात. जस्त चढविलेल्या पत्र्याचा धूर छातीत जाऊन ताप भरतो. आणि पेट्रोलच्या टाकीला घरी ज्वाला लावू नये. ती रिकामी असेल तर मुळीच नाही, कारण भरलेल्या टाकीहून वाफ भरलेली रिकामी टाकी अधिक घातक.

काचेविना ठिणगीकडे पाहू नये, हे सांगण्याचा अधिकार आम्हांला स्वानुभवाने आहे. तरुणपणी कुतूहलाने दहा मिनिटे पाहिले होते. रात्रभर डोळ्यांत वाळू खुपावी तसे झाले आणि पहाटेपर्यंत आईने ओल्या घड्या ठेवल्या.

खडकावरच्या रेषा

परतण्याच्या आदल्या दिवशी सर्वजण भोजपूरला गेलो. मंडीदीपहून हे जवळच. अकराव्या शतकातील परमार राजा भोजाचे हे शिवमंदिर अपुरेच राहिले. पण तेथे देवळाइतकीच पाहण्याजोगी गोष्ट आहे ती सभोवतालच्या खडकांवर: कारागिरांनी कोरलेले आराखडे. खांब, शिखर, तळखडे, सारे आधी रेषांत. मागे मोठमोठे दगड चढविण्यासाठी घातलेल्या उताराचे अवशेषही आहेत. भोजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या वास्तुग्रंथात यंत्रांवर एक अध्याय आहे. भाचा त्या रेषांवरून बोट फिरवीत म्हणाला, "मामा, यांनी आधी कापले नाही."

आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखे उरले नव्हते.

येताना रातापानीच्या रानाची कड दिसली. डिसेंबर २०२४ पासून हे व्याघ्रप्रकल्प आहे. चिखल तुडविण्याच्या हौसेसाठी ते नव्हे, हेही त्याला सांगून ठेवले.

दसऱ्याला आम्ही पुन्हा मंडीदीपला होतो. जीप अजून विटांवरच आहे. तिच्या शेजारी सिमेंटच्या फरशीवर खडूने पूर्ण मापाची चौकट आखलेली. कर्ण लिहिलेले, दोनदा खोडलेले. तोच आराखडा कागदावर उतरवून भाच्याने परिवहन कार्यालयात दिला आहे: यातले काय चालेल, काय नाही, ते लेखी कळवावे. उत्तर यावयाचे आहे. तोपर्यंत इंजिन आणि ब्रेक मूळ स्थितीत आणण्याचे काम चालू आहे. त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. शेगड्याजवळच्या फळीवर मोडलेल्या तुकड्यांची रांग होती. अखेरचे तीन जोडावर मोडले नव्हते, नळीवर मोडले होते.

बहिणीने शस्त्रपूजेसाठी पान्हे, घण आणि वेल्डिंगचा संच पाटावर मांडला, हळदकुंकू वाहिले, झेंडूची फुले ठेवली. मग उरलेली माळ घेऊन ती अंगणात गेली आणि चाकांवाचून उभ्या असलेल्या जीपला घालून आली.