परसातल्या साळुंक्या: आधी ओळख, मग उपाय

'परसात साळुंक्या फार झाल्या, काय करावं?' असं आपण विचारतो, तेव्हा त्यात दोन प्रश्न दडलेले असतात. एक, आलंय कोण? आणि दोन, 'फार' म्हणजे कोणाच्या हिशेबाने? आपण क्रमाने जाऊ.

तपकिरी अंग, काळं डोकं, डोळ्याभोवती पिवळी कातडी, उडताना पंखात झळकणारा पांढरा पट्टा, ही आपली नेहमीची साळुंकी. पिवळी कातडी नाही आणि चोचीच्या मुळाशी छोटा तुरा आहे, तर ती जंगली मैना. काळी शेंडी मागे वळवलेली आणि पोट बदामी, ती भांगपाडी मैना. आणि हिवाळ्यात मोठ्या थव्याने येणारी, गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ती भोरडी. ती आपल्याकडची पाहुणी. तिची वीण मध्य आशियाच्या बाजूला होते. मातकट रंगाचे, टोळीने उड्या मारत कलकलाट करणारे सातभाई मात्र या कुळातले नव्हेत, बरं का. साळुंकी चालते, सातभाई उड्या मारतात.

आता दुसरा प्रश्न. साळुंकीच्या शास्त्रीय नावातल्या 'ॲक्रिडोथेरिस' या शब्दाचा अर्थ टोळांची शिकार करणारी. किडे खाईल म्हणूनच तिला १८६० च्या दशकात मेलबर्नला नेऊन सोडलं. आज ऑस्ट्रेलियात ती उपद्रवी ठरली आहे. पक्षी तोच, जागा बदलली. म्हणजे काय, तर उपद्रव हा तिच्या अंगचा रंग नाही; ती, जागा आणि आपली गरज या तिघांमधला तो संबंध आहे. आपल्याकडे ती मूळचीच रहिवासी, म्हणून तिकडचा निवाडा जसाच्या तसा इकडे आणता येत नाही.

पण संबंध म्हटलं म्हणून त्रास खोटा ठरत नाही. भोरड्यांचा थवा ज्वारीवर उतरला की शेतकऱ्याचं नुकसान खरंच होतं. त्याने राखण करणं योग्यच. परसातला आपला त्रास त्या मानाने लहान, आणि उपायही सोपे.

शिळा भात, पोळीचे तुकडे उघड्यावर टाकू नयेत. पेरू-पपईला पिशव्या बांधाव्यात. जाळी लावलीच तर बारीक आणि ताणलेली, म्हणजे पक्षी अडकत नाही. काचेतल्या प्रतिबिंबाशी साळुंकी भांडत असेल, तर काही दिवस बाहेरून कागद लावावा.

भिंतीच्या भोकात घरटं असेल, तर थांबावं. अंडी निळी असतात. ती उबवून पिल्लं उडेपर्यंत साधारण सहा आठवडे जातात. घरटं रिकामं झाल्याची खात्री करून मगच भोक बुजवावं. अंडी काढणं, पक्षी पकडणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा ठरू शकतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते: ते भोक आपण वर्षभर उघडं ठेवलं होतं. तिने फक्त ते पाहिलं. तेव्हा सहा आठवड्यांचा धीर हा उपकार नव्हे, हिशेब आहे.