हात दाबला की निघायचं

कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यात, भालकी तालुक्यातल्या एका गावाबाहेर, शाळेच्या मागं, कबड्डीचं मैदान आहे. इथलं रान काळं. ती माती पावसाळ्यात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून मुलांनी बीदरकडची तांबडी माती ट्रॉलीनं आणून टाकली आहे. डिसेंबरच्या पहाटे सहाला मी पोहोचलो तेव्हा धुक्यात चार मुलं वाकून खडे वेचत होती आणि दोघं बादलीनं पाणी शिंपडत होती. पलीकडच्या शिवारात तूर वाळत आली होती.

मी एका मुलासाठी आलो होतो. तो बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि संघात डावा कव्हर खेळतो. मराठी वर्तमानपत्रं त्याला डावा मध्यरक्षक म्हणतील, मैदानावर सगळे ‘कव्हर’च म्हणतात. चार दिवस मी फक्त त्याच्याकडे बघायचं ठरवलं होतं. चढाईपटू आला की नजर आपोआप त्याच्यामागं जाते आणि बचाव करणारा माणूस पकडीच्या क्षणापुरता दिसतो. पकडीच्या आधी तो काय करतो, हे मला बघायचं होतं.

पहिल्या दिवशी तो काहीच करत नाही असं वाटलं. एक हात मधल्या खेळाडूच्या हातात, गुडघे किंचित वाकलेले, वजन पायाच्या चवड्यांवर. चढाईवाला डावीकडे झुकला की हा अर्धं पाऊल मागं, उजवीकडे गेला की अर्धं पाऊल पुढं. तीस सेकंद हेच. चढाईवाला हात हलवत परत गेला की तो सरळ होतो, चड्डीला हात पुसतो, पुन्हा हात धरतो.

दुसऱ्या दिवशी मी अंतरं बघायला लागलो आणि खेळ उलगडू लागला. पुरुषांचं मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेसहा मीटर. मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदान रेषा, तिच्यामागं एक मीटरवर बोनस रेषा. बोनस रेषेच्या मागं उरतात पावणेदोन मीटर. कोपऱ्यातले दोघं याच पट्ट्यात जगतात. चढाईवाल्याचा पाय बोनसकडे सरकला की घोटा धरणं, मांडी धरणं, हे त्यांचं काम. कव्हर त्यांच्यापेक्षा पुढं आणि आतल्या बाजूला उभा असतो. कोपऱ्यानं पाय धरला की चढाईवाला घराकडे वळतो, आणि त्या वाटेवर कव्हरनं आडवं पडायचं असतं. नाहीतर खांदा घालून त्याला सरळ रेषेबाहेर लोटायचं, त्याला डॅश म्हणतात. कोपरा चुकला तर पाठीशी कव्हर असतो. कव्हर चुकला तर मध्यरेषेपर्यंत मोकळं मैदान.

अमेरिकन फुटबॉलमध्ये अशाच माणसाला सेफ्टी म्हणतात. बचावाच्या सगळ्यात मागं उभं राहायचं, समोरच्याचे डोळे आणि खांदे वाचायचे, आणि बाकीचे चुकले तर शेवटचा आपण. तो खेळ आपल्याकडे रुजला नाही. 2012 मध्ये इलाईट फुटबॉल लीग ऑफ इंडियात पुणे मराठाज नावाचा संघ होता, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. तिथल्या सेफ्टीची वाट मात्र या मुलाला समजेल अशी आहे. आधी कॉलेजचं मैदान, मग सात फेऱ्यांची निवड, मग 32 संघांपैकी एकात जागा. ट्रॉय पोलामालू यूएससी विद्यापीठाकडून खेळला, 2003 च्या निवडीत पहिल्या फेरीत सोळावा घेतला गेला, आणि पुढं बारा हंगाम एकाच संघाकडून, पिट्सबर्ग स्टीलर्सकडून, त्याच जागेवर उभा राहिला. समोरच्यांनी फेकलेला चेंडू मध्येच पकडण्याला इंटरसेप्शन म्हणतात, आणि त्याची अशी 32 नोंदलेली आहेत. तो उभा आहे म्हणून त्या बाजूला चेंडू फेकलाच गेला नाही, असं किती वेळा झालं असेल, त्याचा रकाना नाही.

भालकीच्या मैदानावर तो रकाना आहे, आणि तो मला तिसऱ्या दिवशी सापडला. मुलांना शिकवणारे सर गावच्याच शाळेतून निवृत्त झालेले आहेत. त्यांच्याकडे लाल पुठ्ठ्याची वही आहे. एका बाजूला पकडी लिहिलेल्या. दुसऱ्या बाजूला ‘रिकामी’ असं शीर्षक आणि खाली मुलांच्या नावांपुढं उभ्या रेघा. चढाई रिकामी गेली तर ती कोणाच्या उभं राहण्यानं गेली, ते सर ठरवतात आणि रेघ मारतात.

“पकड सगळ्याला दिसती,” ते म्हणाले. “हा उभा होता म्हणून त्यो आत आलाच न्हाई, हे कुणाला दिसतंय?”

माझ्या मते या खेळातलं सगळ्यात अवघड काम हेच आहे, जाग्यावर राहणं. वीस वर्षांच्या अंगात ताकद असते, पुढं हात दिसतो, पाय दिसतो, आणि झेप घ्यावीशी वाटते. चढाईवाल्याला तेच हवं असतं. एकट्यानं घेतलेली झेप साखळी तोडते, आणि तुटलेल्या साखळीतून तो एकाला शिवून निघून जातो. म्हणून सर सगळ्यात जास्त ओरडतात ते याच चुकीवर. “हात दाबला की निघायचं. त्याच्या आधी निघालास तर तू मेलास, अन् मलाबी मारलास.”

हात दाबण्याची गोष्ट या भागात फारच खरी आहे. कव्हर घरी मराठी बोलतो. त्याच्या हातात हात असलेला मधला खेळाडू हुमनाबादकडचा, त्याची भाषा कन्नड. उजव्या बाजूचा कव्हर दखनी बोलतो. सराव सुरू झाला की तिन्ही भाषा एकाच साखळीतून ऐकू येतात. “निल्लु, निल्लु,” म्हणजे थांब. “हिडी,” म्हणजे धर. पकड झाली की उजवीकडून “छोड नक्को, छोड नक्को” आणि डावीकडून “दाब खाली!” कुणी कुणाला अर्थ विचारत नाही. तरी पकडीआधीच्या क्षणात बोलून चालत नाही, समोरचाही ऐकतो. तेव्हा बोटं बोलतात. सरांचं ‘दाबला’ म्हणजे दुसरा दाब. एकदा दाबलं तर थांब, सोडून पुन्हा दाबलं तर चल. मी मधल्या खेळाडूला हे कुठं शिकलास म्हणून विचारलं. तो हसून मोडक्या मराठीत म्हणाला, शिकलो नाही, सवय झाली.

1956 मध्ये हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले तेव्हा हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, आला. सीमावादात महाराष्ट्रानं दावा केलेल्या 865 गावांत इकडचीही गावं आहेत. पण खेळणाऱ्या मुलाला सीमा निवडीच्या अर्जावर भेटते. महाराष्ट्रातलं उदगीर, उमरगा, निलंगा जवळ. तिथल्या गणपतीतल्या आणि जत्रेतल्या रात्रीच्या स्पर्धांना हा मुलगा सोळाव्या वर्षापासून जातो. जिल्हा, विद्यापीठ, राज्य असा रस्ता धरायचा म्हटला की मात्र बीदर आणि मग बेंगळुरू. मला वाटलं होतं, याची त्याला खंत असेल. त्यानं शांतपणे सांगितलं, “अण्णा, पोलीस भरती निघाली तर मला इथंच फायदा हाय. 371 जे चं सर्टिफिकेट हाय माझ्याकडं.” घटनेच्या या कलमानं कल्याण कर्नाटकातल्या मुलांना स्थानिक नोकऱ्यांत राखीव जागा दिल्या आहेत. खेळाचं प्रमाणपत्र आणि हे प्रमाणपत्र त्यानं एकाच प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ठेवली आहेत.

त्याची कारकीर्द त्या फाइलमध्येच बघता येते. सबज्युनिअरला सोळा वर्षं आणि 55 किलो, ज्युनिअरला वीस वर्षं आणि 70 किलो, अशा मर्यादा होत्या. ज्युनिअरच्या शेवटच्या वर्षी त्याचं वजन 73 होतं. वजनाच्या आदल्या दोन दिवसांत त्यानं पाणी जवळजवळ बंद केलं, स्वेटर घालून धावला, रात्री झोपला नाही. 69.8 भरलं आणि तो सामन्यात पहिल्या सत्रातच पायात गोळे येऊन बसला. कोवळ्या पोरांनी असं तहानेनं वजन उतरवणं मला भयंकर वाटतं, आणि ते थांबवणारा माणूस प्रत्येक संघाबरोबर असायला हवा. आता तो सीनिअरला आहे. तिथली मर्यादा 85 किलो, आणि प्रश्न उलटा झाला आहे. समोरचे चढाईवाले 80 चे, हा 74 चा. घरी ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, आणि हल्ली आई रोज चार अंडी उकडते.

कॉलेजच्या पातळीवर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो संघ दक्षिण विभागात खेळतो, तिथून वर आला तर अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत. वयाची मर्यादा 25. बीदरची कॉलेजं 1980 मध्ये स्थापन झालेल्या, कलबुर्गीच्या गुलबर्गा विद्यापीठाखाली होती. 2023 मध्ये बीदरला वेगळं विद्यापीठ झालं. मुलांसाठी याचा अर्थ सरळ आहे, निवडीला लांब जावं लागत नाही आणि जागेसाठीची झुंज आपल्याच जिल्ह्यातल्या मुलांशी. पण कलबुर्गीचा तो जुना संघ, ज्यात हातात हात घालून शेजारच्या जिल्ह्यातली मुलं उभी राहायची, तो आता यांना समोर भेटतो.

निवडीच्या चाचणीत तो मॅटवर पहिल्यांदा खेळला. मातीवर अनवाणी, मॅटवर बूट. “माती पायाला सोडती अण्णा, मॅट सोडत न्हाई,” असं त्यानं मला उजवा गुडघा दाखवत सांगितलं. मातीत घसरत थांबायची सवय असलेला पाय रबराच्या मॅटवर जागच्या जागी अडकला आणि वरचं अंग फिरलं. तीन महिने तो घरी होता. आजही तो सरावाआधी वीस मिनिटं गुडघ्याला पट्टा बांधून एकट्यानं बैठका मारतो, हळू, मोजत. तालुक्याच्या ठिकाणी एक मॅट कायमची अंथरलेली असती तर या मुलांचे कितीतरी गुडघे वाचले असते.

पुढचा रस्ता अरुंद आहे आणि त्याला ते माहीत आहे. प्रो कबड्डी 26 जुलै 2014 ला सुरू झाली. आज 12 संघ आहेत. लिलावात सगळ्यात खालच्या ड गटाची पायाभूत किंमत 9 लाख, वरच्या अ गटाची 30 लाख. 2018 मध्ये एक कोटी घेणारा पहिला खेळाडू बचावपटू होता, डावा कोपरा सांभाळणारा इराणचा फझल अत्राचली, यू मुंबानं घेतलेला. मुलांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात अभिमान होता, जणू चढाईवाल्यांच्या घरातला मोठा वाटा शेवटी आपल्या घरात आला. पण कव्हरचा आवडता संघ त्याहून जुना आहे. यू मुंबानं 2015 चा अंतिम सामना बेंगळुरू बुल्सविरुद्ध 36-30 जिंकला, तेव्हा कोपऱ्यात सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर, आणि कव्हरला जीवा कुमार आणि मुंबईचा विशाल माने. हा तेव्हा लहान होता, शेजारच्या घरात टीव्हीवर बघितला. “आमच्या गल्लीत अर्धी पोरं बुल्सकडून, अर्धी मुंबाकडून. मी माने बघत होतो.”

दुसरी एक आठवण मी त्यांना सांगितली, कारण ती मला या मैदानासारखी वाटते. 1 मार्च 2024 ला हैदराबादमध्ये पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सला 28-25 हरवून विजेतेपद घेतलं. प्रशिक्षक कर्नाटकचे अर्जुन पुरस्कार विजेते बी. सी. रमेश, कर्णधार नगरचा अस्लम इनामदार, डाव्या कोपऱ्यात इराणी मोहम्मदरेझा शादलुई. अंतिम सामना आणि फक्त 28 गुण! म्हणजे कितीतरी चढाया रिकाम्या गेल्या असणार. सर लगेच म्हणाले, “त्याच्यासाठी माझी वही पुरली नसती.”

लिलावात नाव पुकारलं जाण्याआधी निवड करणारे आकडे बघतात. यशस्वी पकडी किती, एका सामन्यात पाच पकडी किती वेळा, तीन किंवा कमी खेळाडू उरलेले असताना केलेली अव्वल पकड किती. सगळे आकडे खरे आहेत, पण ते झेपेचे आकडे आहेत. ज्या मुलाला बघायला मी आलो त्याचा उत्तम गुण या आकड्यांत मावत नाही. म्हणूनच प्रो कबड्डी हे त्याचं स्वप्न असलं तरी त्याचा हिशेब पोलीस, रेल्वे, क्रीडा कोट्यातली एखादी नोकरी असा आहे. संध्याकाळी पाचनंतर मैदानावर येता येईल अशी नोकरी, असं तो म्हणाला.

चौथ्या दिवशी त्यांनी गावातल्या जुन्या खेळाडूंविरुद्ध पूर्ण चाळीस मिनिटांचा सामना लावला. समोरचा एक चढाईवाला तिशीतला, जाड मांड्यांचा, फार चपळ. दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या, तिसरी ‘डू ऑर डाय’, गुण आणलाच पाहिजे. तो बोनस रेषेकडे आला, डाव्या कोपऱ्यानं घोट्यावर हात टाकला आणि हुकला. मी कव्हरकडे बघत होतो. त्याची बोटं पांढरी पडली होती. मधल्या खेळाडूनं दाबलं, सोडलं नाही. कव्हर थांबला. चढाईवाला उजवीकडे फसवून डावीकडे वळला, आणि मग मी पाहिलं, मधल्यानं बोटं सोडून पुन्हा दाबली. दोघं एकदम निघाले. खांदा बरगडीवर बसला आणि तिघंही रेषेबाहेर धुळीत गेले.

सरांनी वहीत पकडीच्या बाजूला दोन नावं लिहिली. मग थोडं थांबून ‘रिकामी’च्या बाजूला त्या दिवशीच्या रेघा मोजल्या. कव्हरच्या नावापुढं अकरा होत्या, पकड एकच.

त्यानं त्या बघितल्या नाहीत. तो मैदानाच्या कडेला बसून गुडघ्याचा पट्टा सोडत होता. साडेआठ वाजले होते, धुकं गेलं होतं आणि रानातून त्याचे वडील हाका मारत होते. तूर कापायची होती. त्यानं चप्पल घातली, मधल्या खेळाडूला गाडीवर मागं बसवलं, आणि दोघं शिवाराकडे गेले.